जिथे आपण बहुसंख्य आहोत, तिथे काय?

६ ऑक्टोबर २०२४ रोजी ट्युनिशियात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. कैस सईद नव्वद टक्क्यांहून अधिक मते घेऊन पुन्हा निवडून आले. आकडा डोळे दिपवणारा होता, पण मतदान केंद्रापर्यंत दहातले तीन मतदारही पोचले नव्हते. एक उमेदवार तुरुंगात होता. ज्या तिघांना उमेदवारी द्या असा आदेश प्रशासकीय न्यायालयाने दिला होता, त्यांची नावे निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर येऊच दिली नाहीत. मतदान तोंडावर आलेले असताना संसदेने कायदा बदलून निवडणुकीचे वाद ऐकण्याचा त्या न्यायालयाचा अधिकारच काढून घेतला.

हा तोच देश, जिथून अरब जगातल्या बंडाची सुरुवात झाली. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बूझिद या छोट्या शहरात मोहम्मद बुअझीझी या फळ-भाजी विकणाऱ्या तरुणाने सरकारी जाचाला कंटाळून स्वतःला पेटवून घेतले. महिन्याभराच्या आत, १४ जानेवारी २०११ला, तेवीस वर्षे सत्तेवर असलेले बेन अली सौदी अरेबियात पळून गेले. पुढची दहा वर्षे ‘मुस्लीम देशात लोकशाही रुजते का?’ असे कुणी खवचटपणे विचारले की आपण ट्युनिशियाकडे बोट दाखवत होतो. आज तसे बोट दाखवता येत नाही.

महाराष्ट्रातल्या मुसलमानाने या दूरच्या देशाची काळजी का करावी, असा प्रश्न कुणालाही पडेल. इथे आपल्यासमोर प्रश्न काय कमी आहेत? पण मला वाटते, आपल्या इथल्या प्रश्नाचा एक धागा थेट तिथे जातो.

फॉरवर्ड न होणारी ओळ

स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाची ‘व्ही-डेम’ ही संस्था दरवर्षी जगभरातल्या लोकशाहीची मोजदाद करते. तिच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे जगात एकाधिकारशाही राजवटी ९१ आहेत, तर लोकशाही राजवटी ८८. गेल्या वीस वर्षांत प्रथमच हे पारडे असे फिरले. जगातले सुमारे ७२ टक्के लोक आज कुठल्या ना कुठल्या एकाधिकारशाहीखाली राहतात. भारतालाही ही संस्था ‘निवडणुका घेणारी एकाधिकारशाही’ या वर्गात टाकते. आपल्या सरकारला हे मूल्यमापन मान्य नाही. अशा मोजमापांच्या पद्धतीवर वाद होऊ शकतो, तो व्हावाही.

पण गंमत पाहा. भारताविषयीची ही ओळ आपल्या व्हॉट्सॲप गटांत दरवर्षी फिरते. त्याच अहवालात, त्याच वर्गात तुर्की आहे, ट्युनिशिया आहे. ती ओळ कुणी फॉरवर्ड करत नाही. उलट त्याच गटांत दुसऱ्या दिवशी एर्दोगान यांचा घोड्यावरचा फोटो येतो आणि खाली दुआंचा पाऊस पडतो.

इथे आपण अल्पसंख्य आहोत, म्हणून आपल्याला संविधान हवे, स्वतंत्र न्यायालय हवे, बहुमताला लगाम हवा. आणि मुसलमान जिथे बहुसंख्य आहेत, तिथे मात्र लगाम तोडणारा नेता आपल्याला ‘मर्द’ वाटतो. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. यात नीतीचा प्रश्न तर आहेच, पण व्यवहाराचाही आहे. जो समाज एकीकडे हक्कांची भाषा बोलतो आणि दुसरीकडे हक्क तुडवणाऱ्याचे पोवाडे गातो, त्याच्या हक्कांच्या मागणीला वजन उरत नाही. ‘तुमच्या हाती सत्ता असती तर तुम्हीही हेच केले असते’ या टोमण्याला मग उत्तर काय द्यायचे?

टाळ्यांच्या गजरात बंद झालेली संसद

ट्युनिशियाची गोष्ट थोडी तपशिलात पाहू. २०११च्या निवडणुकीत राशिद घन्नुशी यांच्या अन्नहदा या इस्लामी विचाराच्या पक्षाला २१७पैकी ८९ जागा मिळाल्या. २०१३मध्ये दोन विरोधी नेत्यांच्या हत्या झाल्या आणि देश यादवीच्या काठावर आला. इजिप्तमध्ये त्याच वर्षी लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले होते. ट्युनिशियात मात्र कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, मानवाधिकार लीग आणि वकिलांची संघटना अशा चार संस्थांनी सगळ्या पक्षांना एका टेबलाभोवती बसवले. अन्नहदाने सत्ता सोडली. २६ जानेवारी २०१४ला नवी राज्यघटना मंजूर झाली. या चार संस्थांना २०१५चे शांततेचे नोबेल मिळाले. सर्वांत जास्त जागा असलेला धार्मिक पक्ष रक्त न सांडता खुर्चीवरून उठतो, ही साधी गोष्ट नव्हती.

पण बुअझीझी मेला तो रोजीरोटीच्या प्रश्नावर, आणि तो प्रश्न तसाच राहिला. सरकारे आली-गेली, बेकारी हटली नाही, महागाई वाढली. कोरोनात इस्पितळांची अवस्था भीषण झाली. संसदेत रोज भांडणे, कधी हाणामारीही. ‘मत दिले, पण पोटाला काय मिळाले?’ असे लोक विचारू लागले. या प्रश्नात काही चूक नव्हते.

मग २५ जुलै २०२१ला कैस सईद यांनी पंतप्रधानांना बडतर्फ केले, संसद गोठवली आणि तिच्या दारात लष्करी वाहने उभी केली. सईद कायद्याचे प्राध्यापक होते. २०१९मध्ये मोठ्या मताधिक्याने निवडून आले होते. साधे राहणीमान, भ्रष्टाचाराचा डाग नाही. त्या रात्री लोक रस्त्यावर उतरून नाचले, गाड्यांचे हॉर्न वाजवले. हे भांडखोर पुढारी एकदाचे घरी गेले, असे त्यांना वाटले.

पुढे काय झाले? फेब्रुवारी २०२२मध्ये न्यायाधीशांच्या नेमणुका पाहणारी सर्वोच्च परिषद बरखास्त झाली. जूनमध्ये ५७ न्यायाधीशांना एका फटक्यात घरी पाठवले. जुलैमध्ये सईद यांनी स्वतःच्या मर्जीने लिहिलेल्या राज्यघटनेवर सार्वमत झाले, त्यात तीसेक टक्केच मतदान झाले. डिसेंबरच्या संसदीय निवडणुकीत तर जेमतेम अकरा टक्के. एप्रिल २०२३मध्ये, ऐन रमजानमध्ये, ऐंशी ओलांडलेल्या घन्नुशींना अटक झाली. ज्या सेक्युलर मंडळींनी ‘बरे झाले, इस्लामवाल्यांचा काटा निघाला’ म्हणून २०२१ला टाळ्या वाजवल्या, त्यांच्यातलेही कित्येक जण नंतर त्याच तुरुंगात गेले. वकील गेले, पत्रकार गेले.

आणि एक गोष्ट आपण विशेष लक्षात ठेवावी. फेब्रुवारी २०२३मध्ये सईद यांनी भाषण केले की, आफ्रिकेतून येणारे काळे स्थलांतरित म्हणजे ट्युनिशियाची लोकसंख्येची घडण बदलण्याचा कट आहे. त्यानंतर त्या स्थलांतरितांवर हल्ले झाले, घरमालकांनी त्यांना घराबाहेर काढले, अनेकांना देश सोडावा लागला. ‘लोकसंख्येचा कट’ हे शब्द आपल्या कानांना ओळखीचे आहेत. बोलणाऱ्याचे नाव मुस्लीम होते, एवढाच फरक. पोट भरण्याचे उत्तर देता आले नाही की बोट दाखवायला कुणीतरी दुबळा लागतो.

एर्दोगान यांच्यावरचे प्रेम

तुर्कीविषयी बोलले की आपल्यातल्या अनेकांना राग येतो. म्हणून आधी त्यांच्या बाजूचे सांगतो. एर्दोगान यांच्यावर अन्याय झाला होता, हे खरे आहे. एका जाहीर सभेत कविता म्हटली म्हणून १९९९मध्ये त्यांना चार महिने तुरुंगात काढावे लागले. हिजाब घातलेल्या मुलींना तिथल्या विद्यापीठांत प्रवेश नव्हता. २००८मध्ये त्यांच्या सत्ताधारी पक्षावरच बंदी घालण्याचा खटला घटना न्यायालयात चालला. अकरापैकी सहा न्यायाधीश बंदीच्या बाजूने होते. सात लागत होते, म्हणून पक्ष एका मताने वाचला. जुलै २०१६मध्ये लष्करातल्या एका गटाने बंड केले, तेव्हा सामान्य लोक रणगाड्यांसमोर उभे राहिले आणि सुमारे अडीचशे जीव गेले. हे सगळे विसरून तुर्कीवर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण म्हणूनच प्रश्न अधिक टोचतो. ज्याने हे सोसले, त्याने सत्ता पूर्ण हाती आल्यावर काय केले? बंडानंतर दोन वर्षे आणीबाणी राहिली. सव्वा लाखाच्या आसपास सरकारी नोकर, शिक्षक, प्राध्यापक सरकारी फर्मानाने कामावरून काढले गेले. त्यातल्या कितींचा बंडाशी संबंध होता? कुर्द नेते सेलाहत्तिन देमिर्ताश नोव्हेंबर २०१६मध्ये तुरुंगात गेले. कुर्द भागात लोकांनी निवडून दिलेल्या महापौरांना हटवून सरकारी माणसे बसवली गेली. कुर्दही मुसलमानच आहेत, पण आपल्या गटांत त्यांच्यासाठी दुआ होत नाही. एप्रिल २०१७मध्ये सार्वमतात ५१ टक्क्यांच्या काठावरच्या बहुमताने संसदीय पद्धत मोडीत काढून सगळी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे दिली गेली.

२०१९मध्ये इस्तंबूलच्या महापौरपदाची निवडणूक विरोधी पक्षाच्या एक्रेम इमामोग्लू यांनी सुमारे तेरा हजार मतांनी जिंकली. सत्ताधाऱ्यांच्या तक्रारीवरून ती रद्द करून पुन्हा मतदान घेतले गेले. तेव्हा इस्तंबूलकरांनी त्यांना आठ लाखांच्या आसपास मताधिक्य दिले. हा जनतेचा जबाब होता. पुढे इमामोग्लू राष्ट्राध्यक्षपदाचे दावेदार ठरू लागले, तेव्हा मार्च २०२५मध्ये विद्यापीठाने त्यांची जुनी पदवी रद्द केली. तिथे पदवीशिवाय राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवता येत नाही. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले.

एर्दोगान पॅलेस्टाईनवर मोठ्या आवाजात बोलतात, हे मला मान्य आहे. पण बोलण्याची ही किंमत तुर्कीच्या तुरुंगातल्या पत्रकाराने का मोजावी? आणि दूर बसलेल्या आपण त्या पत्रकाराला ‘गद्दार’ का म्हणावे? आपल्या इथे सरकारला प्रश्न विचारणाऱ्याला तोच शब्द ऐकवला जातो, तेव्हा आपल्याला किती लागते!

काचेच्या गोट्या

आता दुसरी बाजू, कारण चित्र सगळेच काळे नाही. मला तर वाटते, आशा मोठ्या देशांपेक्षा लहान देशांतून जास्त येते आहे.

पश्चिम आफ्रिकेत गांबिया नावाचा चिमुकला देश आहे. लोकसंख्या पंचवीसेक लाख, बहुतेक सगळे मुसलमान. तिथे मतपत्रिका नाही, यंत्रही नाही. स्वातंत्र्याच्या काळात लिहिता-वाचता येणारे कमी होते, म्हणून एक पद्धत निघाली. प्रत्येक उमेदवाराच्या फोटोचे आणि रंगाचे एक पत्र्याचे पिंप. मतदार आत जातो, पिंपाच्या नळीत काचेची गोटी टाकतो. आत घंटी वाजते. एकदाच वाजली पाहिजे. दोनदा वाजली तर बाहेरच्यांना गडबड लगेच कळते. मोजणीला भोके पाडलेले तक्ते असतात, सगळ्यांसमोर गोट्या त्यात ओतायच्या.

याह्या जामे यांनी १९९४मध्ये लष्करी बंड करून हा देश ताब्यात घेतला आणि बावीस वर्षे चालवला. विरोधक गायब होत, पत्रकार मारले जात. डिसेंबर २०१५मध्ये त्यांनी देशाला ‘इस्लामी प्रजासत्ताक’ म्हणून जाहीर केले. वर्षभरातच, डिसेंबर २०१६मध्ये, मतदारांनी गोट्या टाकून त्यांना हरवले. त्यांनी आधी पराभव मान्य केला, मग शब्द फिरवला. शेजारच्या देशांनी सैन्य सीमेवर आणले, तेव्हा जानेवारी २०१७मध्ये ते देश सोडून गेले. नव्या सरकारने देशाच्या नावातला ‘इस्लामी’ शब्द काढून टाकला. त्यामुळे तिथल्या मुसलमानांचे काहीही बिघडले नाही. मशिदी तिथेच आहेत, नमाज तशीच होते. कमी झाली ती भीती.

याच देशाने नोव्हेंबर २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारविरुद्ध रोहिंग्यांच्या वंशसंहाराचा खटला दाखल केला. इस्लामी सहकार्य संघटनेत ५७ देश आहेत. त्यात तेलाचे साठे असणारे आहेत, अणुबॉम्ब असणारा आहे, मोठी फौज असणारे आहेत. पण हेगच्या न्यायालयाची पायरी चढला तो गोट्यांनी मतदान करणारा गांबिया. जानेवारी २०२०मध्ये न्यायालयाने एकमताने म्यानमारला रोहिंग्यांच्या संरक्षणाचे अंतरिम आदेश दिले. ज्या देशाने आपल्या हुकूमशहाच्या गुन्ह्यांचा हिशेब मांडायला सत्यशोधन आयोग बसवला, तोच दुसऱ्याच्या गुन्ह्यांचा हिशेब मागायला उभा राहिला. मला हा योगायोग वाटत नाही. गांबिया आदर्श झाला असे नाही. नवे अध्यक्ष अदामा बॅरो यांनी तीन वर्षांत पद सोडण्याचा शब्द पाळला नाही. पण पुढची निवडणूक झाली, आणि लोक त्यांना प्रश्न विचारू शकतात.

गांबियाला तिन्ही बाजूंनी वेढणारा सेनेगल हाही सुमारे ९५ टक्के मुस्लीम लोकसंख्येचा देश. याचे पहिले राष्ट्राध्यक्ष लिओपोल्ड सेंघोर कॅथलिक होते आणि ते वीस वर्षे त्या पदावर राहिले. त्यांचा धर्म हा तिथे मोठा प्रश्न झाला नाही. आसपासच्या माली, गिनी, बुर्किना फासो आणि नायजर या देशांत २०२०नंतर लष्कराने सत्ता बळकावली. सेनेगलमध्ये आजवर तसे एकदाही झालेले नाही.

तरी फेब्रुवारी २०२४मध्ये तिथेही पेच आला. राष्ट्राध्यक्ष मॅकी साल यांनी ऐन वेळी निवडणूक पुढे ढकलली. विरोधी खासदारांना पोलिसांकरवी सभागृहाबाहेर काढून संसदेने त्यावर शिक्का मारला. लोक रस्त्यावर उतरले, काही जीव गेले. मग घटना परिषदेने हा निर्णय बेकायदा ठरवून रद्द केला, आणि साल यांनी तो निकाल मानला. २४ मार्चला मतदान झाले. दहा दिवस आधीपर्यंत तुरुंगात असलेले ४४ वर्षांचे बासिरू जोमाय फाय पहिल्याच फेरीत ५४ टक्के मते घेऊन निवडून आले. सत्ताधारी उमेदवाराने फोन करून अभिनंदन केले. तिथे ही रीत जुनी आहे. २०००मध्ये अब्दू जूफ हरले, २०१२मध्ये अब्दुलाय वाद हरले, दोघेही घरी गेले.

एका मौलानाची सही

इंडोनेशिया हा जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लीम समाजांपैकी एक. ३२ वर्षांची सुहार्तो राजवट २१ मे १९९८ला कोसळली. त्याच महिन्यातल्या दंगलीत जमावांनी चिनी वंशाच्या अल्पसंख्याकांची दुकाने-घरे जाळली, बायकांवर अत्याचार केले. लोकशाहीचा जन्म तिथे असा झाला.

१९९९मध्ये अब्दुर्रहमान वाहिद, लोक ज्यांना प्रेमाने ‘गुस दुर’ म्हणत, राष्ट्राध्यक्ष झाले. ते नहदतुल उलेमा या प्रचंड मोठ्या धार्मिक संघटनेचे नेते होते, मदरशाच्या परंपरेतले आलिम होते. चिनी समाजाच्या सण-समारंभांवर १९६७पासून सरकारी निर्बंध होते. २०००मध्ये त्यांनी सही करून ते उठवले. बहुसंख्याकांच्या धर्मगुरूने अल्पसंख्याकांचा सण त्यांना परत दिला. ‘मुसलमान बहुसंख्य झाले की काय करतात?’ असे विचारणाऱ्याला सांगण्यासारखी ही गोष्ट आहे. पण ती सांगायची तर दुसरीही सांगावी लागेल. २०१७मध्ये जकार्ताचे चिनी वंशाचे ख्रिस्ती गव्हर्नर अहोक यांना ईशनिंदेच्या आरोपाखाली दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी लाखोंचे मोर्चे निघाले होते. एकाच देशात, एकाच धर्माच्या नावाने दोन्ही झाले.

तिथली एक गोष्ट मात्र आपण उचलावी. मतदान संपले की त्याच केंद्रावर, गावकऱ्यांसमोर, एकेक मतपत्रिका उघडून दाखवतात आणि मोठ्या कागदावर रेघा ओढत मोजतात. २०१४मध्ये दोन्ही उमेदवारांनी आपण जिंकलो असे जाहीर केले, तेव्हा देश अडखळला. निवडणूक आयोगाने केंद्रांवरचे निकालपत्रक स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले होते. सुमारे सातशे स्वयंसेवकांनी ती आकडेवारी इंटरनेटवर टंकून काही दिवसांत बेरीज लोकांपुढे ठेवली. अफवेला जागाच उरली नाही. हरलेले प्रबोवो न्यायालयात गेले, तिथेही हरले. तेच प्रबोवो २०२४मध्ये जिंकले. त्या वेळी वयाची अट शिथिल करून मावळत्या अध्यक्षांच्या मुलाला उपाध्यक्षपदाचा मार्ग मोकळा करण्यात आला. तो निकाल देणारे सरन्यायाधीश त्या मुलाचे आत्याचे यजमान होते. त्यांना नैतिकतेच्या कारणावरून सरन्यायाधीशपद सोडावे लागले, पण निकाल कायम राहिला. तिथलीही लोकशाही अशी दुखणाईत आहे.

माप एकच

बांगलादेशातही हीच कसोटी लागते. ऑगस्ट २०२४मध्ये शेख हसीना यांना पळून जावे लागले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अंदाजानुसार त्या आंदोलनात १४०० पर्यंत माणसे मारली गेली. मुलांनी छातीवर गोळ्या झेलल्या, त्यांना सलाम. पण त्याच दिवसांत हिंदूंची घरे आणि मंदिरे यांच्यावर हल्ले झाले. काही ठिकाणी विद्यार्थी मंदिरांबाहेर रात्रभर पहारा देत उभे राहिले, हेही खरे. भारतातल्या काही वाहिन्यांनी जुन्या-नव्या, खऱ्या-खोट्या चित्रफिती मिसळून तमाशा केला. त्या तमाशाचा राग येऊन आपण खऱ्या हल्ल्यांवर गप्प बसलो, तर तिथल्या हिंदूंचा आणि इथल्या आपला दोघांचाही तोटा आहे. ढाक्यातला हिंदू आणि मालेगावातला मुसलमान यांची मागणी एकच आहे: सरकार कुणाचेही येवो, माझे घर सुरक्षित राहो.

‘लोकशाही पाश्चात्त्यांची, आपल्याकडे शूरा आहे’ असेही एक म्हणणे ऐकू येते. शूरा म्हणजे सल्लामसलत, आणि कुरआनने तिचा गौरव केला आहे. पण सल्ला देणाऱ्याला तुरुंगात टाकायची सोय राज्यकर्त्याकडे असेल, तर खरा सल्ला देणार कोण? पहिले खलिफा अबू बक्र यांनी जबाबदारी घेताना ‘चुकलो तर मला सरळ करा’ अशा अर्थाचे सांगितल्याची नोंद इतिहासात आहे. सरळ कधी करायचे, कसे करायचे आणि तो ऐकत नसेल तर रक्त न सांडता घरी कसे पाठवायचे, याची ठरलेली पद्धत म्हणजे निवडणूक, न्यायालय आणि मोकळी वृत्तपत्रे. यात धर्माला बाधा येण्यासारखे मला काही दिसत नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीतल्या माणसाने हा धोका फार आधी ओळखला होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले की, धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. हे वाक्य आपण दुसऱ्यांच्या भक्तीविरुद्ध नेहमी वापरतो. आपल्या भक्तीलाही ते लागू आहे.

लागू करायचे तर सुरुवात तुर्कीपासून करायची गरज नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या ट्रस्टची शेवटची निवडणूक कधी झाली? मुतवल्ली किती वर्षे तेच आहेत? जमातीच्या पैशाचा हिशेब भिंतीवर लागतो का? शिक्षणसंस्थेच्या सभेचा कोरम कागदावर पूर्ण होतो की खुर्च्यांवर? या मतदानात आपल्या आई-बहिणींना मत आहे का? जिथे सत्ता आपल्याच हाती आहे, अशा या जागा आहेत. इथे आपण बहुसंख्य आहोत. या प्रश्नांची उत्तरे देताना आपण अडखळत असू, तर दिल्लीला विचारताना आवाज आपोआप खाली येतो.

आणि दिल्लीला, मुंबईला विचारायचे तेही नेटाने विचारावे. मतदार यादीत आपले नाव आहे की नाही, हे निवडणुकीच्या आदल्या दिवशी नव्हे, वर्षभर आधी पाहावे. नाव गळालेल्या शेजाऱ्याचा अर्ज भरून द्यावा, तो कुठल्या जातीधर्माचा आहे हे न विचारता. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष उमेदवारांच्या प्रतिनिधींना किती मते पडली त्याचा ‘नमुना १७ सी’ देतो. तो मागून घ्यायला शिकलेला मुलगा किंवा मुलगी प्रत्येक केंद्रावर बसावी. इंडोनेशियाच्या सातशे जणांनी याहून वेगळे काही केले नव्हते. हातात कागद होता, आणि बेरीज करण्याचा कंटाळा त्यांनी केला नाही.